अंगठ्याला वाफसा

गावी गेले की पिशवी खाली ठेवायच्या आत कुणीतरी ओसरीवर येऊन टेकतं. पाणी होतं, चहा होतो, पोराबाळांची चौकशी होते आणि मग खरं काम निघतं. "माय, तू त्या अंगठ्याचंच शिकलीस म्हणं. मंग माझा अंगठा कामून उठंना?"

मी शिकले मऊ पदार्थांचं भौतिकशास्त्र. नंतर काही वर्षं हाताच्या खुणा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर घालवली आणि सध्या बोटांचे ठसे वाचणाऱ्या काचांवर काम करते. यातलं गावापर्यंत 'अंगठ्याचं' एवढंच पोचलंय. माझ्या बायोडेटापेक्षा ते नेमकं आहे, म्हणून मीही दुरुस्त करत नाही. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मानवतच्या अंगाला. कापसाचा पट्टा. रेशन घ्या, निराधारचे पैसे काढा, केवायसी करा, सगळीकडं अंगठा लागतो आणि वेचणीच्या दिवसांत निम्म्या गावाचा मशीनवर उठत नाही. ओसरीवर दर वेळी अर्धवट उत्तर देऊन सुटका करून घेतलीय. आता एकदा सगळंच सांगते.

आधी एक भीती काढून टाका. "रेषा पुसल्या गेल्या" असं रेशन दुकानदार म्हणतो, ते खरं नाही. या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात. बोटाच्या पेराचा मधला उंचवटा, नखाजवळचं टोक आणि पेराची घडी अशा तीन ठिकाणांहून त्या लाटांसारख्या पसरत येतात आणि जिथं एकमेकींना भिडतात तिथं शंख होतो की चक्र, ते ठरतं. अॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५२ साली मांडलं होतं की दोन रसायनं एकमेकांना चढवत-आवरत पसरली की आपोआप पट्टे तयार होऊ शकतात. बोटावरचे पट्टे त्याच रीतीनं घडतात, हे एडिंबराच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. मुद्दा एवढाच की या नक्षीचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं. वरचा थर घासला जातो, पण खालून तीच नक्षी पुन्हा वर येते. वेचणी संपून महिना-दीड महिना गेला की आमच्या आईचा अंगठा आपणहून उठायला लागतो. खोल जखमेचा वण पडला तर गोष्ट वेगळी.

मग अडतं कुठं? काचेवर.

बोटाकडं शेतासारखं पाहा. सरी आणि वरंबा. दोन वरंब्यांमधलं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. मशीनच्या काचेखालून प्रकाश तिरका मारलेला असतो. काचेच्या वर हवा असेल तर तो बाहेर न पडता आरशावरून फिरावा तसा आतच परततो. बोट ठेवलं की वरंबे काचेला टेकतात, तिथली हवा हटते, प्रकाश कातडीत शिरतो आणि ती जागा काळी दिसते. सरीत हवा असतेच, म्हणून ती पांढरी. कॅमेरा या काळ्या-पांढऱ्याचा फोटो काढतो. एका सरी-वरंब्याच्या वाट्याला त्यात जेमतेम दहा ठिपके येतात. काही मशीनं प्रकाशाऐवजी विजेचा भार मोजतात, पण तिथंही प्रश्न एकच, वरंबा टेकला का?

इथं मी एकदा स्वतःची फजिती करून घेतलीय. पीएचडी नुकतीच झाली होती, त्यामुळं अक्कल जरा जास्तच होती. आईचा अंगठा तीनदा नापास झाला. मशीनवर ३०० असा आकडा आला, म्हणजे ठसा जुळला नाही. मी पिशवीतनं खोबरेल काढलं आणि तिच्या अंगठ्याला चोळलं. कोरडा आहे ना, मग ओलावा द्यायचा, एवढा सरळ हिशेब. चौथ्यांदा पडद्यावर अंगठ्याच्या जागी नुसता काळा डाग आला. तेल सऱ्यांमध्ये भरलं होतं. सरीतली हवा गेली की तिथूनही प्रकाश बाहेर पळतो, मग सरी आणि वरंबा दोन्ही काळे. वर काचेवर तेलाचा चट्टा राहिला तो राहिलाच. मागच्या चार बायकांचे अंगठेही त्यात गेले. दुकानदार काही बोलला नाही, फक्त बनियनच्या टोकानं काच पुसत राहिला. आई घरी येईपर्यंत गप्प होती. उंबऱ्यात म्हणाली, "एवढी शिकलीस, अन् तेल लावलंस."

त्याच संध्याकाळी तिला समजावून सांगताना मला योग्य शब्द सापडला, तोही तिच्याच तोंडून. मी सांगत होते की कोरडी कातडी कडक असते. डोळ्यांना वरंबा अखंड दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो खडबडीत असतो आणि कडक असल्यामुळं काचेला जागोजागी फक्त टोकांनी टेकतो. फोटोत त्याची अखंड रेघ न येता तुटक ठिपके येतात. ती म्हणाली, "म्हंजे ढेकूळ." बरोबर. वाळलेलं ढेकूळ पाटीत टाकलं तर तीन ठिकाणी टेकतं, बाकी हवेत. तेवढीच माती ओलसर असेल तर पाटीला धरून बसते. आणि पाणी जास्त झालं तर? चिखल. सरी बुजली, वरंबा बुजला. "मंग अंगठ्याला वाफसा पाहिजे," आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत मी वाचलेल्या कुठल्याच शोधनिबंधात याहून चांगला शब्द नाही. वाफसा म्हणजे चिखल नाही आणि ढेकूळही नाही, ती अवस्था. आपल्या काळ्या मातीत ती ओळखण्याची सवय आपल्याला लावावी लागत नाही. पाण्यानं फुगणारी आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती स्वतःच मऊ पदार्थांच्या अभ्यासाचा विषय आहे. दही, साबणाचा फेस, डिंक, भाकरीचं पीठ हे सगळे याच बिरादरीतले, ना धड पातळ ना धड घट्ट. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो म्हणून आई त्यात कढत पाणी घालते. पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरला जातो. पिअर-जिल द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९९१ चं नोबेल मिळालं ते असल्या पदार्थांचे नियम शोधल्याबद्दल. बोटाची कातडी त्यातलीच. पाणी प्यायलं की ती कितीतरी पटींनी मऊ होते.

आणि हे पाणी बोटाजवळ असतंच. तळहातावर तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या असतात, आणि त्यांची तोंडं नेमकी वरंब्यांच्या माथ्यावर उघडतात. बोट काचेवर नुसतं हलकं धरून ठेवलं तर घामाला उडून जायला जागा राहत नाही, तो कातडीतच मुरतो, कातडी मऊ होते आणि टेकण्याची जागा वाढत जाते. जोरात दाबून हे साधत नाही. दाबलं की पेर चपटं होतं, रेषा ताणल्या-सरकल्या जातात आणि आधारच्या नोंदणीच्या वेळच्या ठशाशी त्यांचा मेळ बसत नाही. आपल्याकडं मात्र दुकानदार स्वतःच्या हातानं म्हाताऱ्या माणसाचा अंगठा काचेवर रेटतो. ते बघताना मला कसंसंच होतं. माणसालाही दुखतं आणि ठसाही बिघडतो.

दुसरा प्रश्न शिकलेली पोरं विचारतात. एवढ्या कोट्यवधी लोकांतून मशीन माझा अंगठा दोन-चार सेकंदांत शोधतं कसं? उत्तर असं की ते शोधतच नाही. तुम्ही रेशनकार्डावरचा माणूस निवडलात की मशीनला कळतं कुणाचं पान उघडायचं. तलाठ्याला गट नंबर सांगितला की तो सरळ सातबारा काढतो, "चिंचेच्या झाडाजवळचं, विहीर असलेलं रान कुणाचं?" असं विचारलं तर त्याला सगळं दप्तर पालथं घालावं लागेल. हे दप्तर पालथं घालणं आधारला एकदाच करावं लागतं, नव्या माणसाची नोंदणी होते तेव्हा, कारण याच माणसानं आधी दुसऱ्या नावानं आधार काढलंय का ते बघायचं असतं. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून दर नव्या माणसामागं हा ढीग वाढतच गेलाय.

ढिगातून झटकन शोधायची युक्ती मात्र संगणकाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो माणूस उद्या सही नाकारू नये म्हणून. ठसे जमत गेले तशी अडचण झाली की हजारो कागदांतून एक काढायचा कसा? १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय झालं. तिथं अझीझुल हक यांनी हिशेब बसवला आणि हेमचंद्र बोस यांनी त्यात भर घातली. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. व्हायचं तेच झालं.

तो हिशेब इतका देखणा आहे की आईच्या हातावर करून दाखवते. आपल्याकडं बोटांवर चक्रं किती, शंख किती हे मोजायची हौस असतेच. हक यांनी फक्त चक्रं धरली. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते १० नंबर द्यायचे आणि दोन-दोनच्या जोड्या करायच्या. जोडीत चक्र असेल तर गुण अनुक्रमे १६, ८, ४, २, १. सम नंबरच्या बोटांचे गुण वर, विषम नंबरच्या बोटांचे खाली, दोन्हीकडं एक-एक मिळवायचा. आईच्या फक्त दोन्ही अंगठ्यांवर चक्र आहे. उजवा अंगठा पहिल्या जोडीत, नंबर विषम, म्हणून खाली १६. डावा अंगठा सहाव्या नंबरचा, तिसऱ्या जोडीत, म्हणून वर ४. एक-एक मिळवून ५/१७. असे एकूण ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्पे होतात. आईचा कागद ५/१७ च्या कप्प्यात, बाकी १०२३ कप्प्यांना हात लावायचं कारण नाही. आजच्या संगणकातली झटपट शोधाची मांडणीही मुळात हीच, कुठं बघायचं नाही ते आधी ठरवायचं. आईला हा अपूर्णांक सांगितला तर म्हणाली, "राजयोग नाही म्हंजे." दहाही बोटांवर चक्रं लागतात त्याला.

हाताच्या खुणांचं विचारणारे कमी, म्हणून थोडक्यात. कॅमेरा हाताच्या सांध्यांवर एकवीस बिंदू बसवतो आणि ते कसे हलतात त्यावरून खूण ओळखतो. हे काम मला कधी फार मोठं वाटलं नाही, कारण लहानपणी आजोबांबरोबर हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात गेले होते. दोन माणसं उपरण्याखाली हात घालून उभी, तोंडं दुसरीकडं, आणि आत बोटं दाबून भाव चाललेला. याला हत्ता म्हणतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आमच्या कॅमेऱ्यालाही कळलं नसतं. धान्याच्या बाजारात याच पद्धतीनं शेतकऱ्याला अंधारात ठेवलं, म्हणून बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला ते बरंच केलं. पण मऊ बोटाला दाबातून किती बारीक फरक कळतो, हे मी तिथं पाहिलं.

आता करायचं काय? हात साबणानं धुवा, नीट पुसा. भांडी घासून लगेच येऊ नका, सुरकुतलेल्या बोटाच्या सऱ्यांत पाणी असतं. काच कोरड्या फडक्यानं पुसायला सांगा. अंगठ्यावरच अडून बसू नका. नोंदणी दहाही बोटांची झालीय, त्यामुळं कुठलंही चालतं. कापूस वेचताना बोंडाची वाळकी टोकं अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना लागतात, डाव्या हाताची अनामिका बहुधा शाबूत असते. वर्षानुवर्षं कुठलंच बोट उठत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्या. आणि नंबर यायच्या आधी मिनिटभर अंगठा मुठीत मिटून धरा. आतल्या घामानं वाफसा येतो.

हे शेवटचं आईनं गल्लीत सांगितलं. मागच्या पौषात मी तिच्यासोबत दुकानात गेले तर रांगेतल्या वीसेक बायका दोन्ही मुठी आवळून उभ्या. दुकानदारानं मान वर करून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, ह्या भांडायला आल्यात का धान्य न्यायला?"

"आधी थंब घे," आई म्हणाली आणि मूठ उघडली.