रिकामा 'एक'

सेव्हिया, रविवार, दुपार

कालची टाळी अजून डोक्यातून जात नाही. बुलेरिया, स्पेनच्या फ्लामेंको नाच-गाण्यातला एक वेगवान प्रकार, चालू होती, सगळ्यांचे हात एका लयीत, आणि मी 'एक'वर खणखणीत टाळी दिली. शेजारच्या बाईंनी माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळपासून मांडीवर मोजते आहे. आवर्तन बारा मात्रांचं, पण मोजायला सुरुवात बारापासून: १२, १, २, ३... जोर १२, ३, ६, ८ आणि १० वर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण तो दोन-दोनच्या सहा विभागांनी सरळ चालत येतो आणि समेवर, पहिल्या मात्रेवर, टेकतो. इथे जे मिटायचं ते दहावर मिटतं: गिटारचा तुकडा, नाचणारीचा पदन्यास, सगळं. 'एक'वर काही नाही. आबांनी समेवर मान हलवायला शिकवलं, त्या मानेचं आता काय करू?

बारा वर्षांची तालीम इथे आडवी येते, याचं फार वाईट वाटतं. तिकडे असते तर... जाऊ दे.

चूक नेमकी कुठे होते ते मात्र आज सापडलं. पाय दोन-दोनने पडतो: १२, २, ४, ६, ८, १०. सगळे जोर पायाबरोबर येतात, फक्त तीनचा येत नाही. तो पायाच्या दोन ठोक्यांच्या मधे, हवेत. हाताला आधार लागतो म्हणून तो दोनवर किंवा चारवर घसरतो, आणि एकदा घसरला की पुढचं आवर्तन आपण सवयीने 'एक'पासून धरतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. आधी सोलेआ या फ्लामेंकोच्याच दुसऱ्या प्रकाराच्या संथ चालीत नुसतं तोंडाने मोजायचं, जोर तेच. मग पाय. मग टाळी फक्त तीनवर, बाकी सगळं सोडून. तीन बसल्याशिवाय वेग वाढवायचा नाही.

टाळीही दोन तऱ्हेची. पंजे खोलगट करून एकमेकांवर दिली की 'सोर्दा', दबका आवाज. गाणं चालू असताना हीच, नाहीतर गळा झाकला जातो. उजव्या हाताची बोटं डाव्या तळहातावर मारली की 'क्लारा', ती पायाच्या कामाला आणि शेवटाला. काल मी गाण्यावर क्लारा दिली होती. म्हणजे चुका दोन झाल्या. हे आत्ता लिहिताना कळतंय.

पण जिथून हे वेड लागलं ती जागाही तीच, रिकामी मात्रा. घुंगरू ठोक्यानंतरही रुणझुणत राहतात. फ्लामेंकोच्या बुटाला पुढे आणि टाचेला खिळे ठोकलेले असतात. चवडा, टाच, पूर्ण पाऊल, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि प्रत्येक तुटून थांबणारा. इथल्याच त्रियाना भागात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहानंतरच्या त्या शांततेनेच अंगावर काटा आला होता. आणि काल मीच ती भरली.

कहोन हा तालवाद्याचा प्रकारही इथला नाही, पेरूचा. गिटारवादक पाको दे लुसियाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो फ्लामेंकोत आणला, आणि आता त्याच्याशिवाय मैफल क्वचितच बसते. लाकडाची एक पोकळ पेटी, पण तिलाही कुठे वाजायचं आणि कुठे नाही ते शिकावंच लागलं असणार. मलाही लागेल. लागू दे.

खालच्या मजल्यावर दुपारची झोप चालू आहे, म्हणून सोर्दाच. बारा, एक, दोन, *तीन*. आता जरा बसतोय. आईचा फोन वाजतोय, परत कधी येतेस तेच विचारेल. हे आवर्तन दहाला पोचू दे, मग उचलते.