पाऊस, लाल बोर्ड अन् लातूरचं स्टँड

काल रात्री लातूरच्या स्टँडवर अडकलो, उदगीरची गाडी काय येईना, वरून धो धो पाऊस अन् त्यात लाईट गेली. समोरच्या लॉजचा लाल बोर्ड तेवढा इन्व्हर्टरवर चालू, अर्धी अक्षरं फडफडायली, खाली चिखलाचं पाणी सगळं लाल, भज्याच्या गाड्याचा धूर... म्हणलं राव हे तर डिट्टो 'ब्लेड रनर'! पिक्चर १९८२ चा, गोष्ट तवाच्या भविष्यातली, २०१९ च्या लॉस एंजेलिसची, पण बघायला सगळं १९४० च्या डिटेक्टिव्ह पिक्चरसारखं, खिडकीच्या पट्ट्यांतून येणारा उजेड, दमलेला हिरो, अन् हुबेहूब माणसासारखी नकली माणसं, त्यामुळं माणूस नेमका म्हणायचं कोणाला हा घोळ. तो पाऊस-धूर निस्ता स्टाईल नव्हता बरं का, स्टुडिओचा सेट झाकायलाबी कामाला आला. फ्रेंच डायरेक्टर गोदारनं तर १९६५ ला 'अल्फाव्हिल'मधी सेटच लावला नाही, रात्रीचं पॅरिसच दूरच्या आकाशगंगेतलं शहर म्हणून खपवलं, मंग आपलं स्टँड काय वाईट?

फक्त आमच्या भविष्यात सारखा पाऊस कोण खरा मानंल? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे. आमच्या पिक्चरमधी टँकरच पाहिजे, मागं घागरींची लाईन.

गाडी आली साडेअकराला. खिडकीला काच नव्हतीच.