होडी शिवून घेताना

आमच्या होडीत लोखंडाचा एकही खिळा नाही. फळीला फळी भिडवून, कडेने भोकं पाडून, काथ्याच्या सुंभाने शिवलेली ही उलांडीची होडी. उलांडी म्हणजे तोल राखायला होडीच्या एका बाजूला बांधलेला ओंडका. मालवणजवळच्या कर्ली खाडीत आजोबांनी ती मासे पकडायलाही वापरली आणि पलीकडे नारळ पोचवायलाही. टाके तुटायला लागले तेव्हा घरात दोन मतं पडली. फायबरची घ्या, नाहीतर सरळ खिळे मारून टाका.

खिळ्यांना मी ठाम विरोध केला. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, गंज भोवतालचं लाकूड खातो आणि भोक वाढत जातं. शिवलेली होडी वाळूवर आपटली तर थोडी लवते, म्हणून तडकत नाही. लाटा फोडून काठाला लागणाऱ्या रापणीच्या, म्हणजे काठावरून ओढायच्या जाळ्याच्या, मोठ्या होड्यासुद्धा अशाच शिवलेल्या असत. ही जोडणी ज्यांनी शोधली त्यांना समुद्र पुरता ठाऊक होता, असं मी मानतो.

शिवणारा माणूस शोधण्यातच बरेच महिने गेले. सुतार भेटले, पण ते फायबरचे साचे करणारे. देवबागेत चौकशी केली, मालवणात केली, शेवटी खाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत सत्तरी ओलांडलेले मेस्त्री सापडले. त्यांनी एकच अट घातली, मदतीला घरचा तरुण माणूस हवा. माझा पुतण्या तयार झाला.

पौर्णिमेच्या उधाणाची भरती धरून होडी वर घेतली. एरवीच्या भरतीला पाणी तिथवर चढतच नाही. जुना सुंभ कापून फळ्या सुट्या केल्या, खरवडल्या, सावलीत वाळवल्या. उन्हात टाकायच्या नाहीत, वाकड्या होतात. दोन फळ्यांना किड्याने आतून पोखरलं होतं. वरून लाकूड धड दिसत होतं, पण मेस्त्रींनी बोटाच्या पेराने ठोकलं आणि आवाजावरून नेमकी जागा दाखवली. त्या दोन्ही बदलल्या.

खरा घोळ सुंभाने घातला. बाजारातून आणलेलं बंडल मेस्त्रींनी हातात घेतलं, थोडं उलगडलं आणि बाजूला ठेवलं. "ह्यो चलाचो नाय. पाण्यात गेलो काय सैल पडतलो." पीळ कमी होता. नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीच्या पाण्यात कुजवून, बडवून, हाताने वळलेला सुंभ त्यांना हवा होता. तो अखेर वेंगुर्ल्याकडच्या एका बाईंनी वळून दिला. त्यांना मागितले त्याहून थोडे जास्तच पैसे दिले, कारण त्या सुंभावरच होडी तरणार होती.

शिवताना मेस्त्री आत बसले आणि पुतण्या बाहेर. सांध्यावर आतून काथ्याची जाड वळकटी ठेवायची, सुंभ एका फळीच्या भोकातून आत, वळकटीवरून तिरपा, समोरच्या भोकातून बाहेर. बाहेरचा माणूस सुंभाचं टोक दांड्याला गुंडाळून सगळं अंग मागे टाकतो, आतला लाकडी हातोडीने टाका बडवतो. ताण निसटू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी ठोकायची, पुढचा टाका बसला की ती काढून पुढे न्यायची. फळ्या करकरल्या की मेस्त्री हात वर करून थांबवायचे. त्यापुढे ओढलं तर फळी चिरते. किती ओढायचं याचं माप कुठे लिहिलेलं नाही. सुरुवातीला पुतण्या दर टाक्याला त्यांच्याकडे बघायचा, उलांडीकडच्या बाजूला पोचेपर्यंत बघायचा थांबला. हे मला फार मोलाचं वाटलं.

मग भोकं काथ्याने आणि राळेने बुजवली, आतून तारली माशाचं तेल पाजलं, बाहेरून काजूच्या टरफलांचं. हे काळं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून हातांना आधी खोबरेल चोपडून घ्यावं. लाकूड पोखरणारा किडा मात्र त्याला बिचकतो.

पुढच्या उधाणाला होडी पाण्यात लोटली तेव्हा तळाशी पाणी झिरपलं. मेस्त्रींनी ती तशीच बांधून ठेवायला सांगितली. फळ्या आणि काथ्या फुगले, सांधे आवळले, झिरपणं बंद झालं.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते, वल्ह्याच्या होडीला नाही. तरी पावसात आम्ही ती वर काढून नारळाच्या झापांनी शाकारतो. सुंभ काही वर्षांनी पुन्हा बदलावाच लागेल. मेस्त्रींनी पुतण्याला आताच सांगून ठेवलंय, "फुडच्या येळाक आत तू बस." बाहेरून ओढायला त्याला कुणीतरी जोडीदार लागेल. खाडीकाठच्या कुणाला शिकायचं असेल, तर जरूर या.