तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅकसाठी टायर कोणते घ्यावेत?

स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस ती पहिल्यांदा ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर, न्यायचं ठरवतो, तेव्हा मला हमखास विचारतो, "टायर कोणते टाकू?" खरं तर बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. जवळजवळ स्लिक (बिनखाचांचा, गुळगुळीत) दिसणारा, सगळ्यात चिकट टायर त्यांनी हेरून ठेवलेला असतो आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी उलट विचारतो, गाडीचं वजन किती आणि एका दमात किती मिनिटं चालवणार? समोरचा जरा हिरमुसतो. पण हे दोन आकडे कळल्याशिवाय मला टायरचं नाव सांगता येत नाही, कारण ट्रॅकवर टायरचा सगळा मामला उष्णतेचा असतो.

रोजच्या रस्त्यावर टायर फारसा तापतच नाही. ट्रॅकवर प्रत्येक वळणात आणि प्रत्येक ब्रेकला रबर दबतं, ताणलं जातं, सुटतं, आणि त्यात खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच मुरते. बेताचं तापलेलं रबर मऊ पडतं, डांबराच्या बारीक खडबडीत नीट बसतं, पकड वाढते. त्याहून तापलं की तेच रबर वरून ओशट होतं, स्टीअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक सरळच जायला बघतं, आणि टायरच्या कडेला खोडरबर घासल्यावर पडतात तसे काळे गोळे जमतात. प्रत्येक कंपाउंडची, म्हणजे टायरच्या रबरी मिश्रणाची, तापमानाची एक पट्टी असते. त्या पट्टीखाली तो टणक असतो, वर गेला की हात सोडून देतो. साधारण १,०५० किलोची माझदा एमएक्स-५ आणि १,७५० किलोच्या आसपासची निसान जीटी-आर यांना एकच टायर सुचवता येत नाही, ते यामुळेच. हलक्या गाडीला कडक रेसिंग कंपाउंड धड तापवता येत नाही, आणि जड गाडी मऊ टायर दोन-तीन लॅपमध्येच (ट्रॅकच्या फेऱ्यांत) भाजून काढते.

पहिले काही ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस, मात्र वजन-बिजन काही न बघता माझं उत्तर एकच: गाडीवर आहेत तेच टायर ठेवा, धड असले म्हणजे झालं. चांगला रस्त्याचा टायर बोलका असतो. सुटण्याआधी कुरकुरतो, मग ओरडतो, आणि सुटला तरी हळूहळू सुटतो. टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेला जात असते. या दोन दिशांमधला कोन वाढत जातो तसा रस्त्याचा टायर सावकाश हार मानतो. शिकणाऱ्याला हा सावकाशपणा फार उपयोगी पडतो, चूक कळायला आणि सुधारायला वेळ मिळतो. टोयोटाने २०१२मध्ये जीटी८६ आणली तेव्हा तिला मुद्दाम साधे मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते, प्रियसवरही यायचे तेच. त्यावर बरीच थट्टा झाली. पण कमी वेगातच गाडी घसरायला लागावी आणि चालवणाऱ्याला तिच्याशी खेळता यावं, हा त्यामागचा हिशोब होता, आणि मला तो अजूनही पटतो. भरपूर पकड असलेला टायर नवशिक्याच्या चुका झाकून ठेवतो. त्या उघड होतात तेव्हा वेग फार वाढलेला असतो.

इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. कोरा करकरीत रस्त्याचा टायर ट्रॅकवर नेण्यापेक्षा अर्धा झिजलेला नेलेला बरा. नव्या टायरवर खाचांची खोली सात-आठ मिलिमीटर असते, म्हणजे रबराचे ठोकळे उंच असतात. वळणात ते ठोकळे बुडाशी वाकतात, हलतात, आतून तापतात आणि शेवटी त्यांचे लचके तुटतात. झिजलेल्या टायरवर ठोकळे बुटके असतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. अमेरिकेत तर कोरे टायर मुद्दाम तासून देतात. अर्थात हे कोरड्या ट्रॅकपुरतं. पावसात झिजलेला टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही आणि पाण्यावर तरंगायला लागतो.

गाडीचा आणि स्वतःचा अंदाज आला की पुढची पायरी म्हणजे "दोनशेवाले" टायर. टायरच्या कडेवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा कोरलेला असतो. ही अमेरिकी सरकारची पद्धत आहे. एका ठरलेल्या टायरला १०० मानायचं आणि त्याच्या दुप्पट टिकणाऱ्याला २००. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ आणि पकड जास्त, असं सगळे समजून चालतात. अडचण अशी की हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी घेऊन स्वतःच छापते. त्यातून अमेरिकेतल्या अनेक क्लब शर्यतींत २००च्या खालचा टायर चालत नाही, त्यामुळे शर्यतीसाठीच बनवलेल्या टायरवरही नेमका २०० येऊन बसतो.

योकोहामा ॲडव्हान ए०५२ आणि हॅन्कूक व्हेन्टस आरएस४, दोघांवर २००च लिहिलेलं आहे. ए०५२ पटकन तापतो आणि एक-दोन लॅप अशी पकड देतो की माणूस खूश होऊन जातो. मग तो तापाच्या पट्टीबाहेर जातो, आणि झिजतोही भराभर. आरएस४ तेवढा झटका देत नाही, पण वीस मिनिटांनीही जवळपास तसाच असतो आणि टिकतो खूप जास्त. एकाच लॅपची वेळ मोजली जाणार असेल, तर ए०५२ घ्या. वीस-पंचवीस मिनिटांच्या सेशनमध्ये शिकायचं असेल, तर आरएस४च्या जातीचा घ्या. तुलनेच्या तक्त्यांत सगळ्यात वेगवान लॅप ठळक छापलेली असते. माझी नजर सहाव्या-सातव्या लॅपकडे जाते, कारण तुमचा दिवस तिथेच जाणार असतो.

त्याच्या वरचा वर्ग सेमी-स्लिकचा, म्हणजे अगदी मोजक्या खाचांच्या टायरचा: मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २, टोयो प्रॉक्सेस आर८८८आर, आणि त्याहून टोकाचे हूझियर. हूझियरच्या नावातच उष्णतेचा हिशोब दिसतो. ए७ ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मिनिटभराच्या धावेत लगेच तापणारा. आर७ सर्किटसाठी, उशिरा तापणारा पण ताप सोसणारा. ए७ लावून कुणी अर्धा तास फिरला तर दोष टायरचा नाही. सेमी-स्लिक थंड असताना पहिल्या लॅपला दगा देतो, थंडीत आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर तर बोलायलाच नको. ट्रॅकवरून त्याच टायरवर घरी जायचं असेल तर याचा विचार आधी करा, ढग आल्यावर नाही. शिवाय तो फारसा ओरडत नाही. पकड असते तोवर असते, आणि जाते तेव्हा झटक्यात जाते.

जास्त पकड फुकट येत नाही, गाडीचा बाकी भाग तिची किंमत मोजतो. टायर धरून ठेवतात म्हणून ब्रेक जास्त जोरात लागतात आणि जास्त तापतात. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच हद्द १५५ अंशांवर येते. ते उकळलं की पेडल पोकळ होऊन खाली जातं. लांब वळणात जोर वाढला की इंजिनातलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. म्हणून ब्रेक ऑइल आणि पॅड बदलले नसतील, तर सेमी-स्लिकची चौकशी करणाऱ्याला मी आधी तिकडे वळवतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. नवे टायर घेण्याआधी जुने काढून त्यांतली पुढची जोडी नीट बघा. ट्रॅकवर गेलेल्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या टायरची बाहेरची कड गोल घासलेली असते, तिथे हात फिरवला तर रबराची धार बोटाला लागते, आणि त्याच टायरची आतली कड पाहिली तर खाचा जवळपास कोऱ्या. असा टायर अर्धाच वापरला गेला. कारण कॅम्बर, म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल. वळणात गाडी झुकते, चाकही बाहेर कलतं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. मॅकफर्सन स्ट्रट (सस्पेन्शनचा एक साधा, प्रचलित प्रकार) असलेल्या गाड्यांत हे जास्तच होतं. कारखान्यातून येताना चाक आत झुकवलेलं असतं एखादा अंश, ट्रॅकवर अडीच-तीन अंश लागतात. ही अलाइनमेंट न करता महाग टायर टाकला तर तोही त्याच कडेने मरेल, फक्त जास्त खर्चात. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर आधी संपतात. टायरच्या खाचांची रचना परवानगी देत असेल तर डावे-उजवे बदलत राहा.

दुसरं म्हणजे हवा. थंड टायरमध्ये रस्त्याचा आकडा भरून लोक ट्रॅकवर उतरतात आणि मग टायर घसरतो म्हणून कुरकुर करतात. २० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर आतून ८० अंशांवर गेला की ३९च्या आसपास पोचतो. साधा वायूचा नियम आहे. गरम असताना ३४ हवी असेल तर थंड असताना सुमारे २६ भरावी लागते. नायट्रोजनने हे गणित बदलत नाही. हवेत ओल असेल तर वाढ थोडी बेभरवशाची होते, एवढाच काय तो फरक. म्हणून गेज जवळ ठेवा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताक्षणी हवा बघा, चहापाणी नंतर.

तापमान बघायला सुईचा पायरोमीटर घ्या. लांबून मोजणारा फक्त वरची त्वचा सांगतो आणि ती पिटपर्यंत येता येता थंड झालेली असते. सुई रबरात टोचायची, आत, मध्ये, बाहेर, अशी तीन ठिकाणी. आतली बाजू थोडी जास्त गरम असेल तर चालतं. मधला भाग सगळ्यात गरम म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड म्हणजे हवा कमी. सुई नसेल तर कडेवर खडूची रेघ ओढा. लॅपनंतर ती कुठपर्यंत पुसली ते बघा. साइडवॉलवर खूप खाली पुसली असेल तर टायर लोळतोय. बऱ्याच टायरच्या कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तो यासाठी खूण म्हणून वापरता येतो.

रुंद टायर घेऊ का, हेही विचारतात. रिम तेवढा रुंद असेल तरच. अरुंद रिमवर रुंद टायर फुगून बसतो आणि त्याची कड डुलते. हलक्या गाडीवर रुंद टायर तापतच नाही. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळपेक्षा खाली नेऊ नका. ९४ डब्ल्यू म्हणजे एका टायरला ६७० किलो भार आणि ताशी २७० किलोमीटर वेग. आणि विकत घेताना तारखेचे चार अंक वाचा, २३२३ म्हणजे २०२३चा तेविसावा आठवडा.

टायर संपला कधी म्हणायचं, यावर मात्र लोक खाचांकडेच बघत राहतात. कायद्याची १.६ मिलिमीटरची हद्द बऱ्याच देशांत आहे, पण ट्रॅकचा टायर त्याआधीही संपतो. प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडं टणक होतं. सेमी-स्लिकमध्ये हे लवकर दिसतं. खाचा शिल्लक, कडा धड, आणि तरीही लॅप हळूहळू लांबत जाते, त्याच वळणाला ब्रेक आधी लावावा लागतो. नखाने दाबलं तर जिथे आधी वण उठायचा तिथे काही उठत नाही. असा टायर सरावासाठी ठेवायला हरकत नाही. रस्त्यावर, तेही पावसात, अजिबात नको.