अनुदानाची फाइल अडते ती फॉर्म १६ वर

नागपूर मनपाच्या कर्मचाऱ्याला गृहकर्ज मिळायला अडचण येत नाही. कायम नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. बँकेचे लोक तर ऑफिसात येऊन पत्रकं वाटून जातात. अडतं ते प्रधानमंत्री आवास योजनेचं व्याज अनुदान. तिथे तुमचं उत्पन्न किती, हे बँकेतलं एक टेबल ठरवतं, आणि त्या टेबलाला आपलं पगारपत्रक वाचता येत नाही. बँकेचं नाव लिहीत नाही. काम झालं, पण राग गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी योजनेचं गणित. शहरी आवास योजना २.० मध्ये व्याज अनुदानाचा जो भाग आहे, त्यात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत चालतं. ३ लाखांपर्यंत दुर्बल घटक, ६ पर्यंत अल्प, ९ पर्यंत मध्यम. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर होऊन उचललेलं हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत. सगळं मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि मागच्या २० वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव चढलं असेल तर ते अर्जाआधी बघून घ्या, नंतर नाही.

म्हाडाच्या सोडतीची उत्पन्न मर्यादा वेगळी आहे. नागपूर महानगर क्षेत्रात म्हाडाकडे ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम गट. म्हणजे ८ लाखवाला म्हाडात अल्प गटात आणि आवास योजनेत मध्यम गटात. ऑफिसात चहाच्या वेळी जे सल्ले मिळतात त्यात हे दोन तक्ते हमखास एकमेकांत मिसळलेले असतात. सफाई कामगारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे. तिचा अर्ज आपल्याच आस्थापनेतून जातो, इथलं काही तिला लागू नाही.

ऑनलाइन अर्ज सोपा. घरातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक, मोबाइलवर ओटीपी, आधारला जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा पुरावा. अर्ज क्रमांक मिळाला की तो बँकेत द्यायचा.

आणि मग बँक म्हणते, फॉर्म १६ आणा. म्हणजे वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला आयकर दाखवणारा, कार्यालयाने दिलेला दाखला.

फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये वर एकूण पगाराचा आकडा असतो. बँकेचं टेबल तेवढीच एक ओळ वाचतं. आपल्या लोकांच्या त्या आकड्यात दोन अशा रकमा बसलेल्या असतात, ज्या त्या वर्षाचा नेहमीचा पगार नव्हेत. पहिली, एनपीएसमधला, म्हणजे नव्या राष्ट्रीय पेन्शन योजनेतला, नियोक्त्याचा १४ टक्के हिस्सा. तो हातात कधीच येत नाही, थेट पेन्शन खात्यात जातो. पण आयकराच्या हिशेबात आधी पगारात धरतात आणि खाली वजावट म्हणून दाखवतात. दुसरी, थकबाकी. महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता, उशिरा लागलेली वेतनवाढ, हे सगळं ज्या वर्षी मिळालं त्या वर्षाच्या उत्पन्नात पडतं, मग ते मागच्या तीन वर्षांचं का असेना. जुन्या पेन्शनवाल्यांना पहिला त्रास नाही, त्यांच्या भविष्य निर्वाह निधीत नियोक्ता काही घालत नाही. दुसरा मात्र सगळ्यांनाच.

आकडे मांडून बघा. मूळ वेतन २९,३००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १६,११५. नागपूरला घरभाडे २० टक्क्यांनी ५,८६०. महिन्याचे ५१,२७५, वर्षाचे ६ लाख १५ हजार ३००. बायको खाजगी शाळेत आहे, वर्षाला १ लाख ६० हजार. दोघांचं मिळून ७ लाख ७५ हजार. ९ लाखांच्या कितीतरी आत. आता यात नियोक्त्याचा हिस्सा मिळवा. मूळ आणि महागाई मिळून ४५,४१५, त्याचे १४ टक्के ६,३५८, वर्षाचे ७६ हजारांच्या वर. त्यात ६५ हजारांची थकबाकी. झाले ९ लाख १६ हजार. घरात एक रुपया जास्त न येता नियोक्त्याच्या हिश्श्यानं आकडा फुगतो, आणि मागच्या वर्षांचे पैसे या वर्षी आले म्हणून मर्यादा ओलांडली जाते. शेरा येतो, "उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक", आणि फाइल परत.

टेबलवरच्या मॅडमना हे समजावून सांगायला जाऊ नका. त्या ऐकून घेतात, मान हलवतात, आणि "सिस्टम घेत नाही जी" म्हणतात. सिस्टममध्ये आकडा भरायचा रकाना असतो आणि तो आकडा त्याच भरतात, हे म्हणून उपयोग नाही. मीही म्हणून पाहिलं. कागद लागतो. तोही असा, की वरच्या ऑडिटला दाखवता येईल. टेबलाची भीती तीच आहे आणि ती खोटी नाही.

तो कागद म्हणजे लेखा शाखेकडून घेतलेलं वेतन विवरण प्रमाणपत्र. साधं वेतन प्रमाणपत्र छापील नमुन्यात मिळतं, त्यात फक्त एकूण आणि निव्वळ. ते चालत नाही. विनंती अर्जात रकानेच लिहून द्या. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, वाहतूक भत्ता, इतर भत्ते, असे बारा महिने ओळीने. मग नियोक्त्याचं एनपीएस अंशदान वेगळ्या रकान्यात. थकबाकी आणखी वेगळ्या रकान्यात, आणि तिच्यासमोर तीन गोष्टी: कोणत्या कालावधीची, कोणत्या आदेशान्वये, कोणत्या महिन्याच्या पगारात दिली. शेवटी दोन बेरजा, एक फॉर्म १६ शी जुळणारी आणि एक त्या वर्षाच्या नियमित वेतनाची. पहिली बेरीज फॉर्म १६ शी रुपयासह जुळली पाहिजे. शंभर रुपयांचा फरक पडला तरी टेबल तेवढंच धरून बसतं.

सही आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे आपला पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याची. लिपिकाची सही "करिता" लिहून घेऊ नका. सहीखाली नाव आणि पदनाम, गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख. जावक क्रमांक राहिला तर बँक खात्रीसाठी पत्र पाठवते आणि त्या पत्राचं उत्तर द्यायला आपल्याकडे कुणाचंच टेबल नसतं. मार्चमध्ये हा कागद मागू नका, लेखा शाखेला तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. १५ जूनपर्यंत फॉर्म १६ येतो, त्यानंतर दोन्ही एकदमच मागा.

सोबत फॉर्म १०-ई जोडा. थकबाकीवर करसवलत घेण्यासाठी विवरणपत्राच्या आधी जो ऑनलाइन भरायचा असतो, तोच. त्यात कोणत्या वर्षाची किती थकबाकी, याचा तक्ता असतो आणि तो आयकराच्या पोर्टलवरून पोचपावतीसह निघतो. आपल्या ऑफिसच्या कागदापेक्षा बँकेचा यावर विश्वास जास्त. बरेच जण कर थोडाच वाचतो म्हणून हा भरतच नाहीत. घराचा विचार असेल तर भरा. उत्पन्न मात्र एक रुपयानेही लपवायचं नाही. बायकोचा पगार, शिकवण्या, घरातलं भाडं, सगळं लिहा. घोषणापत्र खोटं निघालं तर अनुदान वसूल होतं आणि नोकरीत ते वेगळंच अंगावर येतं.

एवढं देऊनही फाइल हलली नाही तर शेरा लेखी मागा. तोंडी "होत नाही"वर परत यायचं नाही. अर्ज द्या, प्रतीवर शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माझ्या बाबतीत बँकेला दिलेल्या अर्जात या तरतुदीचा उल्लेख केल्यावर फाइल उघडली गेली. आधी जो आकडा सिस्टम घेत नव्हती, तो त्याच सिस्टमने घेतला. माझं काम असं झालं. दुसरी बँक हाच कागद मानेल याची हमी मी देत नाही, म्हणून कर्ज मंजूर करून घेण्याआधीच विचारून घ्या. आणि ज्याला घाई नाही त्याने सरळ थकबाकी न मिळालेल्या वर्षाचा फॉर्म १६ हातात असताना अर्ज करावा. माझ्यात तेवढा धीर नव्हता.

पतसंस्थेचं राहिलं. पगारदार पतसंस्थेचं कर्ज पगारातून कापलं जातं, म्हणून कर्जाची पात्रता त्या हिशेबाने घटते. शिल्लक थोडी असेल तर आधी फेडून बेबाकी दाखला घ्या आणि कपात बंद झालेली पगाराची चिठ्ठी जोडा. दाखला आहे पण चिठ्ठीत कपात दिसते, हे बँकेला चालत नाही.

घराच्या कागदांत आपल्या शहराची गोम म्हणजे आरएल, प्लॉट नियमित केल्याचं पत्र. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडलेल्या, लेआउटमधला प्लॉट किंवा त्यावरचं घर असेल तर हे पत्र आणि डिमांड, म्हणजे नियमितीकरणाचं शुल्क, भरल्याची पावती दोन्ही लागतात. "डिमांड भरली आहे, आरएल येईलच" यावर बयाणा देऊ नका. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) विकणाऱ्याचं नाव चढलेलं आहे का ते बघा. नझूलची, म्हणजे सरकारी भाडेपट्ट्याची, जमीन असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का, हेही. बेसा, बेलतरोडीकडे नवीन बांधकामात फ्लॅट घेत असाल तर महारेरा क्रमांक. बांधकाम चालू असलेल्या ४५ लाखांपर्यंतच्या घराला, चटई क्षेत्र ९० चौरस मीटरच्या आत असेल तर, जीएसटी १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलं तर तोही नाही.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देते, पण मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट, २५ लाखांवर सरळ २५ हजार. दोघांची नावं टाकली की ही सूट जाते. पण नवऱ्याच्या पगारावर कर्ज असेल तर बहुतेक बँका त्याचं नाव मालकीत मागतात, तेव्हा करारनाम्याआधी विचारून घ्या. हाताशी कमी पडत असतील तर एनपीएसमधून, तीन वर्षं झाली असल्यास, स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत घरासाठी काढता येतात.

आणि घर घेण्याआधी आस्थापनेला कळवणं. वर्तणूक नियमांत, १९७९ च्या नियम १९ मध्ये, स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची कार्यालयाला पूर्वकल्पना द्यावी लागते. ज्याच्याशी आपला कामाचा संबंध येतो अशा माणसाकडून घेत असाल तर मात्र आधी मंजुरी. बांधकाम परवानगी किंवा कर विभागात असलेल्यांनी बिल्डरकडून घेताना हे हलक्यात घेऊ नये.

अनुदान मंजूर झाल्यावर थकबाकीचा पुढचा हप्ता कर्जात भरून टाकायची हौस आपल्या सगळ्यांना असते. जरा थांबा. अनुदानाचा दर वर्षीचा हप्ता सुटताना कर्ज चालू हवं आणि मुद्दल निम्म्याहून जास्त शिल्लक हवं. १० लाखांचं कर्ज घेऊन तिसऱ्या वर्षी ६ लाख भरले तर पुढचे ३६-३६ हजार गेले. पाचवा हप्ता खात्यात दिसेपर्यंत जादाचे पैसे मुदत ठेवीत टाका.