आबाजी आणि ग्रामपंचायतीचा रेडिओ

आमच्या शेजारचे आबाजी 1971 च्या लढाईचं सांगायला लागले की मी मोबाईल बाजूला ठेवतो. 3 डिसेंबरला लढाई सुरू झाली तेव्हा इकडं कापसाची वेचणी चालू होती, अन् गावात रेडिओ फक्त ग्रामपंचायतीत, त्यामुळे दिवसभर वावरात राबलेली माणसं संध्याकाळी घोंगड्या पांघरून तिथंच येऊन बसायची, बातम्या चालू असताना कोणी खोकललं तरी म्हाताऱ्या डोळे वटारायच्या.

"सेल उतरले का आम्ही पोट्टे ते दिवसभर उनात ठेवो, मंग रातच्या बातम्यांपुरते चालत," आबाजी सांगतात. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, तेव्हा गावात घरोघरी गूळ वाटला म्हणे.

मला मात्र 1965 ची गोष्ट जास्त लागते. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडा म्हटलं, तर आबाजींच्या मायनं सोमवारी संध्याकाळी चूलच पेटवली नाही. आधीच घरात ज्वारी मोजूनमापून, तरी! केवढं मन असेल त्या माउलीचं.

आता पलीकडच्या आळीतल्या आजींकडं जायचंय, त्यांचे दीर तेव्हा फौजेत होते, त्यांचंही सगळं रेकॉर्ड करून ठेवणार आहे.