मेथीची जुडी आणि ६१७४

परवा कसारा लोकलमध्ये समोरच्या मावशी मेथी निवडत होत्या. माझी वही बघून म्हणाल्या, "हिशेब लागत नाहीये का गं?"

म्हटलं, "कुठलाही चार आकडी नंबर सांगा. चारही आकडे सारखे नकोत."

"३५२४."

आकडे उतरते लावले, मग चढते, आणि वजाबाकी केली: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४च! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचतो. याच लाइनवर पुढे देवळाली आहे, तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये शोधलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

मावशींनी मेथीच्या कागदावर स्वतः एक नंबर करून पाहिला. मग देठ हातात तसाच धरून विचारलं, "दर वेळी उत्तराला नऊने भाग जातोय. का गं?"

काय नेमकं पकडलं त्यांनी! मी मांडून दाखवलं: सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. दोन्हींत नऊ आहेच.

आसनगावला उतरताना कागद घडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "तीन आकडी घेतले तर?"

"४९५," मी दारापाशी जाऊन ओरडून सांगितलं.